‘समुद्राला कुंपण नसतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

समुद्रातल्या राखीव क्षेत्राचा, म्हणजे मासेमारीवर बंधनं असलेल्या तुकड्याचा, विषय निघाला की किनाऱ्यावरच्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच असतात. समुद्राला कुंपण नसतं, मासा आज इथं तर उद्या तिथं, त्यामुळे एखादा तुकडा राखून काही होत नाही. माशाला टॅग, म्हणजे नोंद देणारं छोटं यंत्र, लावून त्याचा माग काढणं ही पैशाची नासाडी आहे, कारण उपग्रहावरून सगळं दिसतंच. टॅग लावलेला मासा मरतो. मासा कुठं मिळतो हे कोळ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आणि या सगळ्याचा खरा हेतू मच्छीमाराला दर्यातून हुसकावण्याचा आहे. शेवटचा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही, म्हणून तो शेवटीच घेतो.

पहिला मुद्दा: मासा फिरतो. फिरतो, कोण नाही म्हणतंय? प्रश्न किती, कधी आणि कुठपर्यंत हा आहे, आणि त्याचं उत्तर दर जातीला वेगळं येतं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या उत्तरेला ली नावाच्या गावाजवळ १९७५ साली समुद्राचा जेमतेम सव्वापाच चौरस किलोमीटरचा तुकडा राखीव झाला. तिथल्या स्नॅपर माशांच्या पोटात छोटे ध्वनी-ट्रान्समीटर बसवून पाहिलं, तेव्हा त्यांतले बरेच मासे काहीशे मीटरच्या टापूतच वावरताना आढळले. काही बाहेर पडले, काही जाऊन परतही आले. म्हणजे ‘आज इथं, उद्या तिथं’ हे त्या जातीतल्या काही माशांना लागू पडतं, सगळ्यांना नाही.

आणखी गंमत पुढे आहे. मोठा मासा घर धरून राहिला तरी त्याची अंडी आणि पिल्लं प्रवाहाबरोबर बाहेर जातात. लीच्या आसपास सुमारे ४०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातली स्नॅपरची पिल्लं गोळा करून त्यांची जनुकं तपासली. दहांतलं साधारण एक पिल्लू त्या सव्वापाच चौरस किलोमीटरमधल्या आईबापांचं निघालं. कुंपण नाही म्हणून राखीव तुकडा निरुपयोगी, असं सांगणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा. कुंपण नाही म्हणूनच तर त्याचा फायदा बाहेर जाळं टाकणाऱ्यापर्यंत पोचला.

उपग्रहाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. उपग्रहाला मासा दिसत नाही, पाण्याचा रंग आणि पृष्ठभागाचं तापमान दिसतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांना संभाव्य मत्स्यक्षेत्राची जी सूचना देते, ती या दोन गोष्टींवरून बांधलेला अंदाज असते. अंदाज उपयोगी आहे, पण कोणता मासा कुठून आला आणि कुठं चालला, हे त्यात नसतं. राहिला माशाला जीपीएस लावण्याचा पर्याय. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी टिकत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या ऑलिव्ह रिडले कासवांना २०२२ मध्ये उपग्रह-टॅग लावता आले, कारण कासव श्वास घ्यायला वर येतं आणि तेवढ्या वेळात संदेश जातो. घोळ किंवा हेकरू मासा कशाला वर येईल? म्हणून माशासाठी आवाज वापरतात. ट्रान्समीटर ठरावीक वेळानं माणसाला ऐकू न येणारा सांकेतिक ध्वनी सोडतो, आणि तळाशी नांगरून ठेवलेला रिसीव्हर तो काहीशे मीटरवरून टिपतो. कोळंबीची एक जात नांगी वाजवून इतका कडकडाट करते की त्यात हा संदेश हरवतो, हाही या धंद्यातला एक ताप. दुसरा प्रकार ठरल्या दिवशी माशापासून सुटून तरंगत वर येणाऱ्या टॅगचा. तो तोवर नोंदवलेली खोली, तापमान आणि उजेड उपग्रहाला कळवतो. दिवस किती मोठा होता आणि माध्यान्ह कधी झाली, यावरून माशाचा मार्ग काढायचा. त्यात कित्येक किलोमीटरची चूक राहते. व्हॉट्सअॅपवर सांगतात तसं ‘सगळं दिसतं’ हे प्रकरण नाही.

टॅगनं मासा मरतो का? काही मरतात. भूल देऊन, पोटाला छोटा छेद घेऊन, टाके घालून ट्रान्समीटर आत ठेवतात, आणि तो माशाच्या वजनाच्या सुमारे दोन टक्क्यांपेक्षा जड नसावा असा जुना दंडक आहे. जखम भरते आणि मासा पुढे कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं नोंदी देत राहतो. मेला असता तर नोंद एकाच रिसीव्हरवर अडकून पडली असती, आणि अशा नोंदी संशोधक वगळतातच. मात्र खोल पाण्यातून ओढलेल्या घोळ माशासारख्या जातीत हवेची पिशवी फुगून आतली इंद्रियं दुखावतात. तिथं टॅगिंग खरंच अवघड आहे.

आता ‘कोळ्याला सगळं ठाऊक आहे’. हा मुद्दा मला सगळ्यांत आवडतो, कारण तो निम्मा अगदी बरोबर आहे. कॅरिबियन समुद्रात लिटल केमन नावाचं बेट आहे, लांबी सोळा-सतरा किलोमीटर. तिथला नासाऊ ग्रूपर हा आपल्या हेकरू-गोबऱ्याच्या कुळातला मासा. वर्षभर आपापल्या खडकाशी एकटा राहतो आणि हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या सुमारास अंडी घालायला एका ठिकाणी जमतो. बेटाच्या पश्चिम टोकाचा असा एक थवा २००१ मध्ये मच्छीमारांनीच शोधून काढला. सुमारे सात हजार मासे होते. दोन हंगामांत त्यांतले चारेक हजार पकडले गेले.

पकडणाऱ्यांना जागा माहीत होती, पौर्णिमा माहीत होती, मासा गाभोळीनं भरलेला असतो हेही माहीत होतं. पण त्या थव्यात कोण आहेत, हे कुणालाच माहीत नव्हतं. ते टॅगनं सांगितलं. बेटाभोवती वेगवेगळ्या खडकांवरच्या ग्रूपरना ट्रान्समीटर लावले, तेव्हा बेटाभोवतीचे सगळे वयात आलेले मासे त्या एकाच ठिकाणी जातात आणि उरकलं की आपापल्या खडकावर परततात, असं दिसलं. म्हणजे तिथं जमलेला थवा हा बेटावरच्या माशांचा एक हिस्सा नव्हता, ते अख्खं बेट होतं. एवढं मिळतंय म्हणजे मासा भरपूर आहे, असं नावेतून वाटणं स्वाभाविक. प्रत्यक्षात दोन हंगामांत बेटाचं सगळं भांडवल अर्ध्याच्या खाली आलं. सरकारनं २००३ मध्ये त्या जागी हंगामातली मासेमारी थांबवली. पहिली काही वर्षं आकडा जवळपास हलला नाही, ग्रूपरला वयात यायलाच वर्षं लागतात. मग तो वाढत गेला आणि दीड दशकात पुन्हा सात हजारांच्या घरात गेला. कोळ्याचं ज्ञान आणि टॅगची नोंद एकमेकांविरुद्ध उभी करणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचं जाईल. पहिलं नसतं तर ट्रान्समीटर कुठं लावायचा हेच कळलं नसतं.

आता शेवटचा मुद्दा, मच्छीमाराला हुसकावण्याचा. ही भीती हवेतून आलेली नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं, आणि स्थानिक मच्छीमारांचा त्याला असलेला विरोध वर्षानुवर्षं टिकून राहिला. नकाशावर रेघ ओढली जाते, त्या रेघेच्या आत ज्याचं पोट आहे त्याला ती आधी दाखवली जात नाही, आणि संवर्धन म्हटलं की नोटीस आठवते. हा राग मला रास्त वाटतो. चूक पुढच्या पायरीला होते. माशाची हालचाल माहीत नसेल तर सरकारकडे एकच हत्यार उरतं, मोठा तुकडा बारा महिने बंद. माहीत असेल तर बंदी लहान करता येते. फ्लोरिडात ‘की वेस्ट’ बेटाजवळ पर्मिट नावाच्या माशाचे टॅग तपासले, तेव्हा त्या भागातले बहुतांश मासे अंडी घालायला वेस्टर्न ड्राय रॉक्स या एका खडकाळ जागी जातात असं निघालं. २०२१ पासून तिथं एक चौरस मैलाची जागा एप्रिल ते जुलै बंद असते. उरलेले आठ महिने मोकळी. नोंदी हातात नसत्या तर इतकी आखूड बंदी कुणी मान्य केली असती?

एक आक्षेप मात्र त्या मजकुरात नाही आणि असायला हवा होता. थवा कुठं जमतो हे जाहीर झालं, तर संध्याकाळपर्यंत तिथं कोण पोचेल? घोळ माशाच्या भोताला, म्हणजे त्याच्या हवेच्या पिशवीला, जो भाव मिळतो तो पाहता हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही. हाच मासा ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, केप यॉर्कजवळ थव्यांवर पकडला जात होता आणि हाती येणारे मासे वयात न आलेले निघू लागले. तेव्हा तिथल्या इंजिनू आदिवासी समाजानं स्वतःच काही काळ तो पकडणं बंद केलं. नोंदी कुणाच्या हाती राहाव्यात याचा वाद घालायचा तर तो असा घालावा, माग काढूच नका असं म्हणून नव्हे.

आणि ‘मासा फिरतो’ या वाक्याला त्याचं श्रेय देऊन टाकू. बांगडा आणि तारली यांच्यासारख्या झुंडीनं लांबवर भटकणाऱ्या माशांना दोन-चार चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र वाचवत नाही. त्यांच्यासाठी जाळ्याचा आस (भोकाचा आकार), पकडायच्या माशाचा किमान आकार आणि १ जून ते ३१ जुलैची बंदी हीच साधनं आहेत. कुठल्या जातीला कोणतं साधन लागतं, हे मासा फिरून दाखवतो तेव्हाच कळतं.