शब्द कोणी कोणाला दिला होता?

२१ नोव्हेंबर २०२४, गुरुवारची रात्र. थँक्सगिव्हिंगला बरोबर आठवडा उरला होता. आमच्या घरात मी एकटाच, मुलगा बोर्डात आल्यासारखा, नाचत होतो आणि बायको व मुलगी या दोघी मला नेमके काय मिळाले आहे याचा अंदाज घेत होत्या. मिळाले होते ते एवढेच, की आमच्या घरापासून फार दूर नसलेल्या बेलव्हिल या गावातील ब्राइस अंडरवूड नावाच्या शाळकरी मुलाने आपण मिशिगन विद्यापीठाकडून फुटबॉल खेळणार असल्याचे जाहीर केले होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्याने लुइझियाना स्टेट विद्यापीठाला, म्हणजे एलएसयूला, होकार दिला होता. तो त्याने दहा महिन्यांनी फिरवला. आमच्या भाषेत याला ‘फ्लिप’ म्हणतात आणि फ्लिप आपल्या बाजूने झाला की त्याइतका गोड शब्द नाही.

भारतातील मित्रांसाठी थोडे स्पष्टीकरण देतो. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात धरून खेळायचा अमेरिकी खेळ. इथे विद्यापीठांच्या संघांचे वेड व्यावसायिक संघांच्या वेडाहून कमी नाही. मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर येथील मैदानाची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे आणि शरद ऋतूतील शनिवारी ते भरते. या संघांत खेळणारी मुले येतात शाळांमधून, आणि देशभरातील शाळांमध्ये हा खेळ खेळणारी मुले सुमारे दहा लाख आहेत. त्यांतून आपल्याला हवी ती मुले हेरणे, त्यांच्या घरी जाणे, त्यांना विद्यापीठात बोलावणे आणि अखेरीस त्यांची सही मिळवणे या सगळ्या खटाटोपाला रिक्रूटिंग म्हणतात. त्याला ‘भरती’ म्हणून पाहिले, पण तसे म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर पहाटे मैदानावर धावणारी पोलीस भरतीची मुले येतात. इथे नेमके उलटे आहे. इथे मुलगा घरी बसलेला असतो आणि धावतात ते कोच.

हे धावणे किती टोकाला जाऊ शकते, त्याचा एक नमुना सांगतो. जानेवारी २०१६ मध्ये आमचे तेव्हाचे मुख्य कोच जिम हार्बॉ एका किकरच्या, म्हणजे चेंडूला लाथ मारून गुण मिळवणाऱ्या शाळकरी मुलाच्या, घरी मुक्कामाला गेले. मुलांना भेटण्यास बंदी असलेला काळ मध्यरात्री संपत होता, म्हणून ते बारा वाजून गेल्यावर लगेच दारात हजर झाले आणि रात्रभर तिथेच राहिले. मुलाने आधी पेन स्टेट विद्यापीठाला होकार दिला होता, तरी तो आमच्याकडे आला. त्या वेळी मला ही गोष्ट अतिशय विनोदी वाटली होती. आज मी स्वतः एका मोठ्या मुलीचा बाप आहे आणि पन्नाशी उलटलेला एक प्रसिद्ध, हट्टी माणूस मध्यरात्री आपल्या दिवाणखान्यात येऊन बसला तर आपण काय केले असते, असा प्रश्न मला पडतो.

या साऱ्यात आम्हा चाहत्यांचे काय काम, हा प्रश्न रास्त आहे. फेब्रुवारीपासून ऑगस्टअखेरपर्यंत सामने नसतात. मिशिगनचा हिवाळा कसा असतो, ते इथे राहिलेल्यांना सांगायला नको. त्या काळोख्या महिन्यांत रिक्रूटिंग हा एकच सामना चालू असतो आणि तो रोज असतो. त्यातच सही न झालेल्या मुलाविषयी कोचने जाहीरपणे काही बोलायचे नाही, असा नियम आहे. ज्याला सर्वांत जास्त ठाऊक आहे त्याच्या तोंडाला कुलूप असल्यामुळे बातमीचा एक मोठा धंदा उभा राहिला आहे. रायव्हल्स, २४७ स्पोर्ट्स, ऑन३ ही संकेतस्थळे महिन्याला दहा डॉलरच्या आसपास वर्गणी घेतात आणि कोणता मुलगा कोणत्या शनिवारी कुठे गेला, त्याची आई कोणाशी किती वेळ बोलली, येथपर्यंतची खबर देतात. मी गेली अनेक वर्षे ही वर्गणी भरतो. मराठी मासिकाची वर्गणी मी दोनदा चुकवली आहे, ही मात्र कधी चुकलेली नाही.

ही संकेतस्थळे मुलांना तारे देतात, जास्तीत जास्त पाच. २४७ स्पोर्ट्सवर एका वर्षाच्या तुकडीत पाच तारे मिळणारी मुले साधारण ३२ असतात, कारण एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, ड्राफ्टच्या (विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीत ३२ निवडी असतात आणि त्या फेरीत जाऊ शकतील अशी मुले आधीच ओळखून दाखवण्याचा त्यांचा दावा असतो. त्याखाली चार तारेवाली काही शे मुले आणि त्याहीखाली तीन तारेवाल्यांचा मोठा समुद्र.

ताऱ्यांविषयी चाहत्यांचे दोन पंथ आहेत आणि दोन्ही अर्धवट शहाणे आहेत. एक पंथ म्हणतो की हे सगळे थोतांड आहे. त्यांचे दाखले नेहमीचे आणि खरे आहेत. कॅलिफोर्नियातील फायरबॉ या लहान शेतीच्या गावातील जॉश ॲलनला शाळा संपताना वरच्या गटातील एकाही विद्यापीठाने बोलावले नव्हते. तो दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात गेला, तिथून वायोमिंगला गेला आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला. बेकर मेफील्ड टेक्सास टेकमध्ये शिष्यवृत्तीशिवाय, वॉक-ऑन म्हणून शिरला आणि पुढे ओक्लाहोमाकडून २०१७ चा हाइझमन करंडक, म्हणजे विद्यापीठांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकला. मिशिगनकडून खेळलेला आणि पुढे एनएफएलमधील सर्वांत यशस्वी खेळाडूंपैकी एक ठरलेला आमचाच टॉम ब्रेडी तर शाळेत नव्हे, थेट विद्यापीठातून बाहेर पडताना तज्ज्ञांच्या नजरेतून निसटला. २००० च्या ड्राफ्टमध्ये त्याचा क्रमांक होता १९९.

दुसरा पंथ आकडे पुढे करतो आणि त्या आकड्यांना उत्तर देणे सोपे नाही. तीन तारेवाली मुले एनएफएलमध्ये ढिगाने दिसतात, कारण मुळात ती ढिगाने आहेत. प्रमाण काढले तर पाच तारेवाल्या मुलाची पहिल्या फेरीत जाण्याची शक्यता त्यांच्याहून कितीतरी पट अधिक निघते. राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या संघांत चार आणि पाच तारेवाली मुले निम्म्याहून अधिक असतात, हा आडाखा गेली कित्येक वर्षे टिकून आहे आणि २०२३ चा आमचा विजेता संघही त्यात बसत होता. मात्र ८ जानेवारी २०२४ रोजी वॉशिंग्टन विद्यापीठाविरुद्धचा अंतिम सामना ज्यांनी पाहिला, त्यांना दोन्ही गोष्टी एकाच मैदानावर दिसल्या असतील. पहिल्याच डावभागात वेस्ट ब्लूमफील्डच्या, म्हणजे आमच्या शेजारच्या उपनगरातील, डॉनोव्हन एडवर्ड्सने दोन लांब धावा मारून टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) केले, आणि तो शाळेत असल्यापासून नावाजलेला होता. शेवटी वॉशिंग्टनची आशा संपवणारा, त्यांचाच पास मध्येच पकडून ८१ यार्ड परत धावत नेलेला झेल घेतला तो माइक सेनरिस्टिलने. तो मिशिगनमध्ये आला होता रिसीव्हर, म्हणजे आपल्या संघाचे पास झेलणारा, म्हणून, तीन तारे घेऊन, आणि बचावाची जागा तो तिथे आल्यावर शिकला. सामना ३४–१३ ने सुटला.

म्हणजे तारे तुकडीविषयी बरेचसे खरे बोलतात आणि एकेका मुलाविषयी फारसे काही सांगू शकत नाहीत. हे आम्हा सर्वांना डोक्याने कळते. तरीही एकदा एखाद्या मुलाच्या नावापुढे पाच तारे लागले की तो आमच्या मनात मुलगा राहत नाही, ठेव होतो. मग त्याने मन बदलले की आमची ठेव कोणी बुडवली, असा राग येतो. माझे सगळे म्हणणे या रागाविषयी आहे.

‘शब्द फिरवला’ हे आम्ही फार सहज म्हणतो. पण शब्द कोणी कोणाला दिला होता? मुलगा ‘कमिट’ झाला याचा अर्थ त्याने तोंडी पसंती कळवली. आपल्याकडे लग्न जमवताना पसंती कळवणे निराळे आणि सुपारी फोडून याद्या करणे निराळे, तसेच हे आहे. विद्यापीठ लेखी प्रस्ताव देऊ शकते तेच मुळी शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या १ ऑगस्टपासून. त्याआधीची प्रत्येक ‘ऑफर’, काही वेळा आठवीतील मुलाला दिलेलीसुद्धा, तोंडीच असते. खरी सही २०१७ पर्यंत फेब्रुवारीतच होत असे, त्या वर्षीपासून ती डिसेंबरमध्येही होऊ लागली आणि आता बहुतेक सह्या तिथेच उरकतात. तोपर्यंत कोणीही कोणाला बांधलेले नसते. मुलाच्या जागी अधिक चांगला मुलगा मिळाला, मुलाचा गुडघा गेला किंवा कोचच बदलला, तर विद्यापीठाची ऑफर आपोआप थंड पडते. कोणी ‘नाही’ म्हणत नाही, फक्त फोन येणे बंद होते. वधूवरांच्या बाजारात उभे राहिलेल्यांना हा अनुभव समजावून सांगावा लागणार नाही.

सही झाल्यावरचे काय, तर १९६४ पासून चालत आलेले ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नावाचे पत्र मुलाला एका विद्यापीठाशी वर्षभरासाठी बांधत असे. कोचला बांधणारे असे पत्र मात्र कधीच नव्हते. हार्बॉ विजेतेपद जिंकले त्याच महिन्यात लॉस एंजेलिसच्या चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेले. नोव्हेंबर २०२१ च्या शेवटी दोन दिवसांत लिंकन रायली हे कोच ओक्लाहोमा सोडून यूएससीकडे (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे) आणि ब्रायन केली नोत्र दाम सोडून एलएसयूकडे गेले. दिवाणखान्यात बसून, आईच्या हातचे खाऊन, ‘तुमच्या मुलाची चार वर्षे काळजी घेईन’ असे आश्वासन देणारे हे दोघे सहीच्या दिवसाला तीन आठवडेही उरले नसताना निघून गेले. त्यांना करिअरचा निर्णय घेण्याचा अधिकार आहे, असे आम्ही समंजसपणे म्हणालो. सतरा वर्षांच्या मुलाला तोच अधिकार आहे, हे आम्हाला पटत नाही.

यावर माझ्या मित्रांचा नेहमीचा आक्षेप पैशाचा असतो. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेता येऊ लागला. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट वाटा देऊ लागली, आणि पहिल्या वर्षी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. मुले आता लाखो डॉलर घेत असतील तर त्यांनी टीकाही सोसावी, असे हे मित्र म्हणतात. मैदानावरच्या खेळाविषयी मला हे मान्य आहे. अंडरवूड २०२५ च्या हंगामात पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून डाव चालवणारा खेळाडू, म्हणून उतरला आणि त्याचा पास चुकला की मीही दिवाणावरून ओरडलो. पण पैसे घेणे म्हणजे निवडीचा हक्क गहाण टाकणे, हे कोणत्या नोकरीत चालते? आमच्या वाहन उद्योगात तर रस्त्याच्या या बाजूच्या कंपनीतून त्या बाजूच्या कंपनीत जाणे हाच पगारवाढीचा राजमार्ग आहे, आणि मी तो दोनदा चाललो आहे.

शिवाय पैसा सर्वांना नाही. आता संघात १०५ जणांची मर्यादा आहे आणि ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे, त्यांतील बऱ्याच जागा इतर विद्यापीठांतून आलेले बावीस-तेवीस वर्षांचे तयार खेळाडू घेतात. जो मुलगा पूर्वी शिष्यवृत्तीवर येऊन दोन वर्षे बाकावर शिकला असता, त्याला आज बोलावणेच येत नाही. तीन तारेवाल्या त्या समुद्राला पूर्वी जो किनारा लागत होता तो आखूड होत चालला आहे, आणि वर्गणी भरून आम्ही वाचतो ते वरच्या ३२ जणांविषयी.

आता माझ्या स्वतःच्या वागण्याविषयी, कारण वरचे सगळे मी शहाणपणाने लिहीत असलो तरी काही वर्षांपूर्वी मी तसा वागलो नव्हतो. आमच्याकडे कमिट असलेल्या एका मुलाने सहीच्या आदल्या आठवड्यात निर्णय बदलला. त्याने समाजमाध्यमावर लिहिलेल्या निवेदनाखाली मी दोन ओळी लिहिल्या. शिवी नव्हती, पण वाचवेल असेही काही नव्हते. त्यात ‘चारित्र्य’ हा शब्द होता. रिक्रूटिंगमधील मुलांना चाहत्यांनी थेट लिहू नये, असे विद्यापीठांचे नियमपालन विभाग वारंवार सांगतात. ते मला माहीत होते.

पुढच्या वसंतात माझ्या मुलीच्या कॉलेजची वेळ आली. तिने १ मेच्या मुदतीत एका विद्यापीठाला होकार कळवला, आम्ही अनामत भरली, तिथल्या नावाचा शर्टही आला. तीन आठवड्यांनी तिला अधिक हव्या असलेल्या विद्यापीठाच्या प्रतीक्षायादीतून बोलावणे आले. अनामत बुडाली. आम्ही त्या रात्री बाहेर जेवायला गेलो आणि मी नातेवाइकांना फोन करून तिच्या निर्णयक्षमतेचे कौतुक केले. तिने जेवताना एवढेच विचारले, ‘बाबा, त्या पहिल्या कॉलेजवाल्यांनी माझ्या इन्स्टावर येऊन काही लिहिलं तर?’ तिने माझ्या त्या दोन ओळी वाचल्या होत्या हे मला तेव्हा कळले. घरी आल्यावर मी त्या पुसल्या. ज्याने वाचायच्या त्याने त्या आधीच वाचल्या असणार.

अंडरवूडच्या बातमीच्या रात्री आमच्या मराठी मिशिगन चाहत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर संदेशांचा पाऊस पडला होता. एलएसयूच्या चाहत्यांच्या संतापाची चित्रे फिरवून आम्ही मनसोक्त हसत होतो. त्याच तुकडीसाठी जवळजवळ वर्षभर मिशिगनला शब्द देऊन बसलेला फ्लोरिडातील एक क्वार्टरबॅक होता. अंडरवूडच्या मागे विद्यापीठ लागल्यावर त्याला जागा उरली नाही आणि अखेरीस तो विस्कॉन्सिनला गेला. हे लिहिताना मी गटावरील त्या रात्रीचे संदेश वर सरकवत पुन्हा वाचले. त्याचा उल्लेख एकदाच सापडला. ‘तो फ्लोरिडावाला पोरगा आता काय करणार?’ असे एकाने विचारले होते, आणि त्याखाली माझे उत्तर होते, ‘होईल त्याचे काहीतरी.’