फोटो झाले, आता पुस्तकांचं काय?

आज एका तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात एका कंपनीच्या फाउंडेशनचा 'ग्रंथभेट सोहळा' झाला. नाव लिहीत नाही, कारण ही खोड त्यांची एकट्यांची नाही. फ्लेक्स लागला, शाल-श्रीफळ झालं, पाच कम्प्युटर आणि पुस्तकांचे खोके स्टेजवर रचून फोटो निघाले. पाहुणे गेल्यावर ग्रंथपाल मॅडम खोके उघडून बसल्या. स्पर्धा परीक्षेचं एकच गाइड, प्रतींवर प्रती, तेही जुन्या अभ्यासक्रमाचं. आणि प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर, नेमकं जिथे वर्गांकाचं (पुस्तकाच्या विषयाचा क्रमांक) लेबल लागतं तिथे, फाउंडेशनचा सोनेरी स्टिकर. मॅडम तो ओल्या फडक्याने खरवडत होत्या आणि त्याबरोबर कव्हरचा रंगही निघत होता.

फुकट मिळालं तर कुरकुर कशाला, असं कुणीतरी म्हणेलच. म्हणूनच सांगतो, फुकटचं पुस्तक ग्रंथालयाला फुकट पडत नाही. पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत नोंद. मग दाखल क्रमांक शीर्षकपानामागे आणि ठरलेल्या गुप्त पानावर. मग शिक्के, वर्गांक, पाठीवरचं लेबल, आत तारीख चिठ्ठी, शेवटी कम्प्युटरवर नोंद आणि बारकोड. सराईत हाताला एका पुस्तकामागे पंधरा मिनिटं धरा. हजार पुस्तकांचे अडीचशे तास झाले. अर्धवेळ ग्रंथपाल दिवसाला चार तास बसत असेल, तर देवघेव बंद ठेवून नुसतं हेच केलं तरी साठ दिवसांवर काम. देवघेव बंद ठेवता येत नाही, त्यामुळे खोके कोपऱ्यात जातात आणि पहिल्या पावसात ओल धरतात. पुढे कसर आणि वाळवी आहेच.

बरं, एवढं करून नको असलेलं पुस्तक काढून टाकावं म्हटलं, तर तेही सोपं नाही. एकदा दाखल झालेली प्रत ही संस्थेची मालमत्ता. ती निर्लेखित करायची, म्हणजे नोंदीतून रीतसर काढायची, तर यादी, समितीचा ठराव, नोंदवहीत शेरा, लेखापरीक्षकाचे प्रश्न. म्हणून बहुतेक ठिकाणी जुनी गाइडं तशीच उभी असतात आणि नवीन कादंबरीला जागा नसते.

जागेचं गणितही देणगीदार कधी विचारत नाहीत. तीन फुटांच्या एका फळीवर साधारण तीस पुस्तकं बसतात, सहा फळ्यांच्या एकेरी रॅकवर 180. म्हणजे हजार पुस्तकं द्यायची तर सोबत सहा रॅक द्या. ते भिंतीला चिकटवून नव्हे, वीतभर अंतर सोडून लावायचे, नाहीतर भिंतीची ओल थेट पुस्तकात. 'आम्ही वरचा मजला बांधून देतो' म्हणणारे तर फारच भेटतात. घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून काढतात. पुस्तकांच्या दालनाला भारतीय मानकांप्रमाणे किमान 600 किलो धरावा लागतो, रॅक उंच असतील तर त्याहून जास्त. घराच्या नकाशावर ग्रंथालय चढवलं की काही वर्षांनी स्लॅबच्या तड्यांबद्दल पत्रं लिहिणं समितीच्या नशिबी. पाटी मात्र दिमाखात असते.

या सगळ्याचं मूळ मला कायद्याच्या दोन शब्दांत दिसतं. 2013च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा, खर्च कशावर चालेल ते दिलंय. त्यात सार्वजनिक ग्रंथालयांची 'स्थापना करणं' आहे. चालवणं हा शब्द तिथे नाही. मग जो तो स्थापना करायला निघतो. अरे, 1967च्या ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालयं 11 हजारांवर आहेत. स्थापना होऊन गेलीय! त्यांना दिवा-पंखा चालू ठेवणारा आणि संध्याकाळी कुलूप उघडणारा माणूस हवाय.

अमेरिकन उद्योगपती कार्नेगीची गोष्ट सगळे सांगतात, पण अर्धीच. 1883 ते 1929 या काळात त्याच्या पैशातून जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयं उभी राहिली, हे खरं. पण त्याची नेहमीची अट अशी की जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम गावाने दरवर्षी ग्रंथालय चालवायला ठेवायची, तरच इमारतीचे पैसे मिळणार. आपल्याकडे सयाजीरावांनी 1910मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं तेव्हाही विचार हाच, गाव आपला वाटा उचलेल तर दरबार आपला घालेल. देणारा आणि चालवणारा दोघेही बांधलेले. आजच्या सोहळ्यात पुढच्या वर्षाबद्दल एक वाक्य कुणी बोललं असेल तर शपथ!

आता फाउंडेशनवाल्यांची बाजू. त्यांनाही अडचणी आहेत, नाही असं नाही. सीएसआरचा पैसा 2021पासून कायम निधीत (मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचं अशा ठेवीत) टाकता येत नाही. घेणाऱ्या संस्थेकडे कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणी आणि आयकर खात्याच्या 12ए, 80जी या नोंदण्या लागतात. लहान ग्रंथालय सोसायटी कायद्याखाली आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असतं, पण कार्यकारिणी बदलल्यावर फेरफार अर्ज वर्षानुवर्षं दाखलच केलेला नसतो, आणि सगळं तिथेच अडतं. हे पाप समित्यांचं, मान्य.

पण वाट नाही असं म्हणू नका. सीएसआरमध्ये बहुवर्षीय प्रकल्प चालतो, सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं. म्हणजे एका सहायकाचं मानधन तेवढा काळ देता येतं. संध्याकाळचे चार तास ग्रंथालय उघडं राहिलं की नोकरदार येतात, शाळा सुटल्यावर पोरं येतात, अभ्यासिकेतल्या मुलांना घरच्या गोंगाटातून सुटका मिळते. कौटुंबिक ट्रस्ट असेल तर कायम निधी द्या. तो कायम निधीसाठीच आहे असं लेखी पत्र सोबत द्या, नाहीतर लेखापरीक्षक ती रक्कम चालू उत्पन्नात धरेल. दहा लाखांवर सात टक्के धरले तर वर्षाला सत्तर हजार. त्यातले वीस परत मुद्दलात, पन्नास पुस्तकांना आणि मासिकांना. मोठं काही नाही, पण सरकारी अनुदानाचा हप्ता रखडला तरी मासिकं बंद पडत नाहीत. (ट्रस्टने ट्रस्टला दिलेला कायम निधी देणाऱ्याच्या हिशेबात खर्च म्हणून धरला जात नाही, तेव्हा आधी आपल्या सीएला विचारा.)

चांगले देणगीदारही आहेत, हेही लिहायला हवं. ते आधी वाचकांची मागणी वही मागतात. गेल्या वर्षाचं देवघेव रजिस्टर बघतात, बालविभाग चालतो की कुलूपबंद आहे ते पाहतात, आणि मग एका रकमेऐवजी तिमाही खरेदीला पैसे देतात. आपला स्टिकर आतल्या पानावर, लहानसा लावतात. अशी माणसं दिसली की मन निवतं. कर्मचाऱ्यालाही बळ येतं, आपल्याला कुणीतरी विचारलं म्हणून.

आजच्या त्या पाच कम्प्युटरांकडे पुन्हा येतो, कारण डोक्यातून जात नाहीत. सॉफ्टवेअरला पैसे लागतच नाहीत. एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे, कोहा आहे, दोन्ही मोफत. लागतं ते जुन्या पुस्तकांची नोंद करायला माणूस, बारकोड प्रिंटर आणि त्याचे रोल, बॅकअपला एक बाहेरची हार्ड डिस्क, आणि तीन-चार वर्षांनी मान टाकणारी यूपीएसची बॅटरी. यातलं एकही दिलेलं नाही. पाच यंत्रांना मिळून भिंतीत एकच पॉइंट आहे. मॅडमनी एक सुरू केलंय, चार प्लास्टिकमध्येच आहेत. उद्या वार्षिक अहवालात मात्र 'ग्रंथालयाचे संगणकीकरण पूर्ण' असं छापून येईल. चीड येते राव.

तुमच्यापैकी कुणी एखाद्या कंपनीत सीएसआर बघत असाल, विश्वस्त असाल, तर ग्रंथालयाला फोन करून यादी मागवा. यादीत पुस्तकं तळाला असतील. वर सहायकाचं मानधन, वीजबिल, वाळवीचा उपचार, बालविभागाला बुटक्या खुर्च्या आणि बाइंडिंगचा खर्च असेल. यातल्या कशाचाच फोटो बरा येत नाही, हे माहीत आहे. तरी मंजूर करा. आणि पैसे मार्चअखेर घाईघाईत नको, जूनमध्ये द्या, म्हणजे समितीला दरपत्रकं मागवून नीट खरेदी करता येते.