फाइल स्कॅनिंगला गेली आहे

डॉक्टरांचा विषय अण्णानेच काढला असणार, कारण पेपर त्याच्या हातात होता. पेपर दुसऱ्याचा असला की अण्णा तो मोठ्याने वाचतो. ससून हॉस्पिटलात बदललेल्या रक्ताच्या नळ्यांवरून पेशंटकडे मागितलेल्या दहा लाखांच्या डिपॉझिटवर आलो, तोवर पेरूगेटाजवळच्या आमच्या अमृततुल्यात पहिला चहा संपलाही नव्हता.

"दोन-चार जणांमुळे सगळ्यांना झोडपू नका," अण्णा गरजला. त्याचा मुलगा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हे आम्हाला दर तीन मिनिटांनी कळतं. "डॉक्टरही माणूसच. चूक होते! आणि एका सीटला किती मोजावे लागतात, आहे कल्पना?"

"म्हणजे वसुली कुणाकडून, ते ठरलेलंच आहे," बापू म्हणाला.

बापू एकतीस वर्षं औषध कंपनीचा एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा प्रतिनिधी, होता. दवाखान्यांच्या बाकांवर त्याने जेवढा वेळ काढलाय, तेवढा आजाऱ्यांनीही काढला नसेल.

"आणि चुकीबद्दल कोण बोलतंय? चूक माझा न्हावीही करतो. तुझ्या डोक्यावर त्याला तेवढी संधी नाही, एवढंच."

अण्णाने टोपी सारखी केली.

"एका डॉक्टरकडे दर शनिवारी माझ्या आधी लॅबचा पोरगा आत जायचा," बापू म्हणाला. "हातात खाकी पाकीट, वर पेन्सिलीने पेशंटांची आडनावं आणि पुढे आकडे. पेन्सिलीने का, तर खोडता यावं म्हणून. एकदा डोकावलो, तर त्यात माझ्या सख्ख्या मेव्हण्याचं नाव! दुखत होता गुडघा, एमआरआय झाला होता पाठीचा."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? त्याच डॉक्टरला आमच्या कंपनीने महिनाभर आधी बँकॉकला पाठवलं होतं. तिकीट मीच नेऊन दिलं होतं."

यावर कुणी काही बोललं नाही. (पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरने कमिशन खायचं, ही कट प्रॅक्टिस. तिच्याविरुद्धच्या कायद्याचा मसुदा २०१७ साली गाजला होता. पुढे गाजणंही थांबलं.)

मग दिग्या. आईला जाऊन वर्ष होईल. "तिच्या उपचारांच्या फाइलसाठी हॉस्पिटलात तीन खेपा मारल्या. आधी फाइल अकाउंट्सला होती, मग स्कॅनिंगला गेली. तिसऱ्यांदा म्हणाले, ज्या मॅडमकडे आहे त्या रजेवर आहेत."

"लेखी मागितलीस का? ७२ तासांत द्यावी लागते. २००२ पासून नियम आहे," बापू म्हणाला.

"कोर्टात जा ना!" अण्णा. "१९९५ साली सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना ग्राहक कायद्यात ओढलं. तेव्हापासून बिचारे घाबरून दहा-दहा टेस्ट लिहितात."

"घाबरून? मग पाकीट घेताना हात थरथरायला हवा होता." बापूने बशी बाजूला सारली. त्याचे वडील कोर्टात कारकून होते, त्यामुळे खटले त्याला आरतीसारखे पाठ. "पुण्यातलंच सांगतो. दौंडला एक डॉक्टर होते. १९५३ च्या मे महिन्यात त्यांच्या विशीतल्या मुलाचं कोकणातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचं हाड मोडलं. टॅक्सीत घालून इथे आणला. इथल्या सर्जनने पुरती भूल न देता, मॉर्फियावर, तीन माणसं लावून पाय ओढला. त्याच रात्री पोरगा गेला. सर्टिफिकेटवर काय? फॅट एम्बॉलिझम, म्हणजे चरबी रक्तात जाऊन अडकली म्हणे. बाप खालपासून सुप्रीम कोर्टापर्यंत जिंकला, पण निकाल लागेपर्यंत १९६८ उजाडलं. भरपाई ३,००० रुपये."

"बघ, न्याय मिळाला की नाही!" अण्णा म्हणाला. खरंच म्हणाला.

"अरे, तो बाप स्वतः डॉक्टर होता. काय झालं ते त्याला कळत होतं. दिग्याला कोण सांगणार? रजेवरच्या मॅडम?"

अण्णा गप्प बसला, म्हणजे विषय लँब्रेटावर नेला. बापूने १९८४ साली त्याला विकलेली ती स्कूटर कात्रजच्या घाटात बंद पडली, तेही बायकोला माहेरी सोडायला जाताना. "तू विश्वासघाताबद्दल बोलूच नको!"

"तिचीही फाइल स्कॅनिंगला गेलीय," दिग्या म्हणाला. संध्याकाळभरात तो पहिल्यांदा हसला.

उठता उठता अण्णाने पेपराखालून हळूच एक मोठा लिफाफा काढला. "बापू, जरा बघतोस? गुडघा बदलायला सांगितलाय. तुला जरा अनुभव आहे म्हणून..."

बापूने एक्स-रे दिव्याकडे धरला. हातातलं फडकं तसंच ठेवून चहावालाही वाकला.

"अण्णा, दुखतो कुठला?"

"उजवा."

"मग इथे कोपऱ्यात एल का लिहिलंय?"

अण्णाने चष्मा वर करून निरखलं. "एल म्हणजे लॅब असेल."

चहाचे पैसे कुणी दिले ते त्या गोंधळात कळलंच नाही. अण्णाने नक्कीच दिले नाहीत.