गुटी का नको, ते तिला सांगता येत नव्हतं

आज इंदूरच्या रामबागेत एका डोहाळजेवणाला गेले होते. हिरवी साडी, फुलांची वाडी, धनुष्यबाण धरून फोटो, सगळं साग्रसंगीत. शेजारच्या काकूंनी मोबाइलवर कुठल्याशा जोडप्याबद्दल काहीतरी वाचलं आणि श्रीखंडाची वाटी हातात धरूनच म्हणाल्या, "बघा, दोघांनाही एड्स, आणि यांना मूल हवंय! पोराच्या जिवाशी खेळ नुसता." चार-पाच जणींनी माना हलवल्या. मी पुरी मोडत बसले. बोलले असते तर पुढचा प्रश्न ठरलेला, "तुला गं कसं माहीत? कोणाला झालाय?"

घरी आल्यापासून स्वतःचाच राग येतोय.

माझी एक मैत्रीण आहे. तिला एचआयव्ही आहे, नवऱ्यालाही. (तिला विचारूनच लिहितेय, दोन-चार तपशील बदललेत, शोधत बसू नका. आणि "कसा झाला?" हेही नको. डायबिटीसवाल्याकडे आपण चारित्र्याचा दाखला मागत नाही.) तिची गत अशी, की ज्यांना रिपोर्ट ठाऊक ते म्हणणार मूल नको, ज्यांना ठाऊक नाही ते म्हणणार पाळणा कधी? सासूबाई नवस बोलून बसलेल्या. आणि एका डॉक्टरने तोंडावर सांगितलं, "कशाला नसत्या भानगडीत पडता, ऑपरेशन करून टाका." अरे, तू कोण? 2017 च्या एचआयव्ही कायद्यात लिहिलंय की एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईची नसबंदी किंवा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येत नाही. हे कायद्यात लिहावं लागलं, यातच काय ते आलं.

एकदा माझ्याकडे मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "मला शाळेच्या फीची काळजी करायचीय गं. रिपोर्टची करून कंटाळले." (आता करते. परवा फीवाढीवरून शाळेला शिव्या घालत होती, ऐकून इतकं बरं वाटलं!)

एआरटी सेंटरमधल्या (एचआयव्हीची औषधं मिळतात ते सरकारी केंद्र) समुपदेशक ताईंनी मात्र "का" विचारलं नाही, "कधी" विचारलं. रोज रात्री गोळी, सरकारी, फुकट, एकही दिवस चुकवायची नाही. रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की मग बाळाचं बघू. औषध नसेल तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होते, नीट घेतलं तर 5 च्याही खाली. काकू, हेसुद्धा मोबाइलवरच असतं.

हो, शून्य नाही. गोळ्या सोडणारे असतात, उशिरा तपासणारे असतात, मान्य. मग त्यांना गोळ्या वेळेवर मिळतील हे बघा ना.

देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून मिरवतो आपण. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करायला शिकलो, पण एचआयव्ही (नुसता विषाणू) आणि एड्स (उपचार नसतील तर त्यातून पुढे होणारा आजार) अजून एकाच डब्यात.

जाऊ दे. काकू वाईट नाहीत खरं तर. करोनात याच बाईंनी गल्लीभर डबे पोचवले होते. त्यांच्या डोक्यात अजून एड्सच्या भिंतीवरच्या जाहिरातीतली ती जुनी कवटी आहे, एवढंच. पण पाच जणींच्या माना हलल्या, त्याचं काय करू?

बाळ झालं तेव्हाचं सांगते. लागण होऊ नये म्हणून सहा आठवडे त्याला नेव्हिरॅपिनचं औषध, घरी सांगितलं व्हिटॅमिन. दूध अंगावरचंच, पण पहिले सहा महिने फक्त तेच. वरचं काही गेलं की बाळाच्या आतड्याला इजा होऊन लागणीचा धोका वाढतो. आणि इकडे सासूबाई गुटी उगाळायला सहाण धुऊन तयार! हळकुंड, जायफळ, बदाम, खारीक, मध. तिला कारण सांगता येईना. "डॉक्टर नको म्हणालेत" किती दिवस चालणार? शेवटी एका रात्री तिने सहाण माळ्यावर, जुन्या कुकरमध्ये लपवली. सासूबाई आठवडाभर मोलकरणीला बोलत होत्या बिचारीला.

अठराव्या महिन्यात शेवटची तपासणी झाली. निगेटिव्ह. फोनवर नुसतं माझं नाव घेतलं तिने, पुढे बोलताच येईना. संध्याकाळी घरी पेढे वाटले. कशाचे विचारलं तर म्हणाली, पळायला लागला ना आता.

सासूबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "पोरानं बाळसं धरलं नाही, हिने गुटी दिली नाही ना." ती म्हणते, "हो आई, चुकलंच माझं."