वसंत, दुपारी साडेबारा

लेक जर्मनीत, बॉनला असते. रविवारी सकाळी नऊला उठून ती फोन करते, तेव्हा ठाण्यात दीड वाजलेला असतो आणि मी जेवून आडवा असतो. पण मार्चचा शेवटचा रविवार उजाडला की तिकडे घड्याळ एक तास पुढे सारतात. मग फोन येतो बरोबर साडेबाराला, पहिल्या घासाला.

"बाबा, उन्हाळ्याची वेळ लागली!"

"घड्याळ सरकवून ऋतू येतो होय?" आमटी वाढता वाढता ही म्हणाली. "मग आपलं सरळ जूनवर नेऊन ठेवा."

एप्रिलमध्ये तर कहर झाला. जुन्या बॉनमधल्या हेअरश्ट्रासवर चेरी फुललेली, दोन्हीकडच्या फांद्या वर भिडून गल्लीभर गुलाबी मांडव. "बारा डिग्री आहे, मस्त ऊन पडलंय!" तिच्या मागे लोक कोट घालून आइस्क्रीम खात होते. ठाण्यात बारा डिग्री झालं तर लोक कपाटातली गोधडी अंगावर घेऊनच ऑफिस गाठतील.

माझ्यातला ठाणेकर खवळला. चैत्र कुणाचा? आमचा! "थांब, आमचा वसंत दाखवतो," म्हणत उष्ट्या हाताने फोन धरून खाली उतरलो.

कंपाउंडमध्ये सोनमोहराचा पिवळाधमक सडा, आणि सड्याखाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची गाडी. काका गॅलरीतून ओरडले, "ते झाड छाटायला सांगितलंय हां!" हे बॉनपर्यंत पोचलं.

विषय बदलायला म्हटलं, कोकीळ ऐकवू. हे महाशय पहाटे साडेचारपासून माझ्या उशाशी बोंबलत असतात. पोरं कावळ्याकडे सांभाळायला, मग गाण्याला सवडच सवड! पण त्या दिवशी चिडीचूप. वॉचमन म्हणाला, "साहेब, सकाळी या."

"बाबा, तू लालबुंद झालायस."

"तुझे डोळे कशाने लाल?"

"बर्चचे परागकण. गोळी घेतलीय, तरी..." आणि सलग सात शिंका. मला बरं वाटलं असं नाही, पण मी मोजल्या.

आता कॅमेरा झाडाकडे वळवणार, तोच फोन म्हणाला, मी फार तापलोय, थंड होऊ द्या. स्क्रीन काळी.

वर आलो. "दाखवलात वसंत?"

"फोन फ्रिजमध्ये ठेवू का गं?"

"ठेवा, पन्ह्याशेजारी. सांडू नका म्हणजे झालं."

मी ताटावर बसलो, भात कालवला, आणि खिडकीत कोकीळ सुरू झाला.