दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: आमच्या बुद्धिबळाच्या क्लासात पहिल्या वर्षी नजडॉर्फ का नाही

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू वाचला. बाकीच्या पालकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात परत लिहितो. पोरगं दिवाळीपासून क्लासला येतंय, पण अजून एकच ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) शिकवलं, इटालियन. तालुक्याच्या स्पर्धेत समोरच्यानं सिसिलियन हे काळ्याचं ओपनिंग खेळलं अन् पोरगं हरलं. नजडॉर्फ, म्हणजे सिसिलियनचाच एक प्रकार, यूट्यूबवर फुकट मिळतं. नागपूरची दिव्या देशमुख महिला बुद्धिबळाचा वर्ल्ड कप आणते आणि आमच्या इथं इटालियनच चालू आहे. म्हणून फी वाया.

आधी त्या डावाचं बोलू, कारण सगळा राग तिथूनच आलाय. पोरानं स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, मला आणून दाखवली, अक्षर चांगलं आहे त्याचं. पांढऱ्यानं प्यादं ई४ या घरावर, काळ्यानं सी५ वर, म्हणजे सिसिलियन. पोरानं न घाबरता घोडा एफ३ वर काढला, उंट सी४ वर आणला, आठव्या चालीच्या आत किल्लेकोट केला, म्हणजे राजा हत्तीच्या आडोशाला नेला. पंधराव्या चालीपर्यंत डाव अगदी बरोबरीत होता. सतराव्या चालीला समोरच्याच्या उंटानं त्याच्या घोड्यावर नेम धरलेला, आणि यानं कडेचं प्यादं पुढे ढकललं. घोडा फुकट गेला. त्यानंतर जे झालं ते व्हायचंच होतं. आता मला सांगा, यात सिसिलियनचा काय दोष? नजडॉर्फ पाठ असतं तरी तो घोडा गेलाच असता. शिवाय नजडॉर्फ हे काळ्याचं ओपनिंग आहे आणि त्या डावात पोराकडे पांढरी होती.

'एकच ओपनिंग' हेही पूर्ण खरं नाही. पांढरी असली की इटालियन: ई४, घोडा एफ३, उंट सी४. काळी असली तर ई४ ला ई५ आणि डी४ ला डी५. एवढंच पहिलं वर्ष. इटालियनच का? तो सी४ चा उंट थेट एफ७ च्या प्याद्याकडे बघतो आणि त्या प्याद्याच्या राखणीला सुरुवातीला एकटा राजाच असतो. त्यामुळे हल्ला कशावर करायचा हे पोराला पहिल्या दिवशीच डोळ्यानं दिसतं. घोडा-उंट निघाले की किल्लेकोटाची वाट मोकळी. सिसिलियनसमोर हा उंट मोठ्या खेळाडूंना फारसा आवडत नाही, कारण काळा ई६ करून त्याचं तोंड बंद करतो. ते मला ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षी तिथं डी४ शिकवतो. आत्ता मात्र पोरानं ओळखीच्या घरांवर मोहरे काढावे आणि डोकं समोरच्याची चाल बघण्यात लावावं, एवढीच अपेक्षा आहे.

आता नजडॉर्फ. पाचव्या चालीला काळा काय करतो? कडेचं प्यादं एक घर, ए६. ज्याला अजून बी५ वर पांढऱ्याचा घोडा किंवा उंट येऊन बसला की किती त्रास होतो याचा अनुभव नाही, त्याला ही चाल कशी पटणार? तो ती पाठ करेल. मग पांढऱ्यानं सहाव्या चालीला व्हिडिओत नसलेलं काही खेळलं की पोरगं छताकडे बघत बसेल. पाऊस नसताना केलेली धूळपेरणी आहे ही, भाऊ. साधली तर साधली, नाहीतर बियाणं गेलं. फिशर आणि कास्पारोव्ह हे जगज्जेते नजडॉर्फ खेळायचे हे खरं, पण त्यांचं बाकीचं बुद्धिबळ आधी तयार होतं.

सापळ्यांचंही तेच. वजीर एच५, उंट सी४ आणि चार चालीत मात, हे शाळेच्या स्पर्धेत एक-दोनदा चालतं. ज्यानं जी६ शिकलंय तो वजिराला हाकलतो, वजीर एफ३ वर गेला की घोडा एफ६ वर आणून वाट अडवतो, आणि पांढऱ्याचा वजीर फिरत असताना काळ्याचे मोहरे बाहेर आलेले असतात. आमच्याकडे ही मात वाचवायला शिकवतो, द्यायला नाही. काही पालकांना हे आवडत नाही.

दिव्याचं नाव घेतलंत, बरं केलं. २०२५ ला बटुमीत कोनेरू हंपीसोबतचे दोन्ही मोठ्या वेळाचे डाव बरोबरीत सुटले, फायनल रॅपिडवर (कमी वेळाच्या डावांवर) गेली आणि निकाल लागला तो एंडगेममध्ये, म्हणजे थोडेच मोहरे उरतात त्या शेवटच्या टप्प्यात. तिची ओपनिंगची तयारी जबरदस्तच असणार, त्या पातळीवर त्याशिवाय भागत नाही. पण आमच्याकडे राजा-प्याद्यांचा एंडगेम घ्यायला बसलो की पोरं जांभया देतात, आणि पालक विचारतात, नवीन ओपनिंग कधी?

दुसरं नाव मी सांगतो. मीर सुलतान खान, पंजाबचा. आपल्या म्हाताऱ्यांसारखा देशी नियमांनी शिकलेला, जिथं प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं. १९२९ ला इंग्लंडला गेला तेव्हा ओपनिंगमध्ये कच्चा होता, तरी त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला, पुढे १९३२ आणि १९३३ ला परत. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवलं. सुरुवात डगमगायची, पण मधला डाव आणि एंडगेम भक्कम. तुमच्या घरी आजोबा देशी नियमांनी खेळतात असं पोरगं सांगत होतं. खेळू द्या त्यांच्यासोबत. फक्त स्पर्धेच्या आदल्या दिवशी नको, नाहीतर प्यादं दोन घरं चालतं हे विसरून येतं.

फीबद्दल: उरलेल्या महिन्यांची परत हवी असेल तर सांगा, नियम सगळ्यांना तोच आहे. दुसऱ्या क्लासला घालायचं असेल तरी माझी हरकत नाही. मात्र तिथं विचारून बघा, पोरानं स्वतः खेळलेले डाव समोर बसवून तपासतात का.

रात्री व्हिडिओ बघायचाच असेल तर त्याला रोज मात देण्याची आणि मोहरा मारण्याची कोडी सोडवायला लावा. लाइट गेली तर पटावर मांडून. स्टार दोन ठेवा की एक, तुमची मर्जी. शनिवारी त्याला बाकीच्या फेऱ्यांच्या स्कोअरशीट घेऊन पाठवा. तिसऱ्या फेरीत तो जिंकला म्हणे, तो डाव मी अजून पाहिला नाही.