रोइंग म्हणजे आयव्ही लीगचं मागचं दार नव्हे

दर सप्टेंबरला शाळा सुरू झाल्या की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरून येतो. आशय असा: रोइंग, म्हणजे वल्ह्यांच्या नावांची शर्यत, कुणी खेळत नाही, त्यामुळे स्कॉलरशिपा पडून राहतात. वल्हवायच्या मशीनवर वेळ चांगला आला की आयव्ही लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या आठ नामवंत विद्यापीठांत, प्रवेश पक्का. उंची नसेल तर मुलाला कॉक्स, म्हणजे नावेचं सुकाणू धरणारा, करा, नुसतं बसायचं असतं. आणि नववीत सुरुवात केली नसेल तर विसरा. माझी लेक तीन वर्षं वल्हवतेय, पहाटे पावणेपाचला तिला तळ्यावर सोडणारी मीच. हा मेसेज वाचून मला गप्प बसवत नाही.

आधी पैशांचं. आयव्ही लीगची आठही विद्यापीठं खेळासाठी एक डॉलरसुद्धा स्कॉलरशिप देत नाहीत. १९५४च्या करारापासून हा नियम आहे. मदत मिळते ती घरची आर्थिक स्थिती बघून. कॉलेज खेळांच्या तिसऱ्या स्तरावर, डिव्हिजन थ्रीतही खेळाची स्कॉलरशिप नाही. मुलांचं रोइंग तर एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धांत बसतच नाही, त्यांची स्पर्धा आयआरए ही वेगळी संघटना भरवते. मुलींचं चित्र वेगळं आहे आणि मेसेजमधला खरा अंश काय तो इथे आहे. शिक्षणसंस्थांत मुलामुलींना समान संधी द्यायला लावणाऱ्या १९७२च्या टायटल नाइन कायद्यामुळे, अमेरिकन फुटबॉलच्या भल्यामोठ्या संघाला तोल म्हणून अनेक विद्यापीठांनी मुलींचे रोइंग संघ उभे केले. १९९७पासून त्यांची एनसीएए स्पर्धा होते. पण डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरावर, २०२५पर्यंत एका संघाला फार तर २० पूर्ण स्कॉलरशिपांएवढी मुभा होती, आणि त्या बऱ्याच जणींत वाटल्या जायच्या. पडून वगैरे काही राहत नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या मुली त्याच जागांसाठी रांगेत असतात.

आता मशीन, म्हणजे अर्ग. २००० मीटरचा वेळ, ज्याला सगळे टू-के म्हणतात, तो महत्त्वाचा आहे यात वाद नाही. कॉलेजचा कोच मुलांचा मेल उघडतो तो आकड्यासाठीच. वरच्या संघांत जायला मुलांना साधारण ६:२०च्या आत आणि मुलींना ७:२०च्या आसपास यावं लागतं. पण हा आकडा कसा खाली येतो ते बघितलंय का? गेल्या हिवाळ्यात लेक अर्गवर होती आणि मी बोटहाउसच्या काचेबाहेर उभी होते. पहिले हजार मीटर ठीक गेले. तिसऱ्या पाचशेत पडद्यावरचा स्प्लिट, म्हणजे पाचशे मीटरला लागणारा वेळ, १:५३वरून १:५७वर गेला, मान एका बाजूला कलली, तळहातावरचा जुना फोड फुटून हँडलला रक्त लागलं. ७:३८. तिची पहिली टू-के होती ८:१४. छत्तीस सेकंद कमी व्हायला दोन वर्षं लागली.

आणि अर्ग पाण्यावर तरंगत नाही. कोच सीट रेसिंग घेतात: दोन नावा शेजारी शेजारी पळवायच्या, मग फक्त दोघींची अदलाबदल करायची आणि पुन्हा पळवायच्या. अर्गवर माझ्या लेकीपेक्षा सहा सेकंद मागे असणारी एक मुलगी ज्या नावेत बसली ती नाव पुढे गेली. तिचं वल्हं पाण्यात पडतं ते कुठे अडखळतच नाही.

त्यापुढे मार्कशीट आहे. प्रवेश कोच देत नाही, ॲडमिशन ऑफिस देतं. कोच फक्त शिफारस करतो, तीही अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात तुमचे ग्रेड तिथे आधी दाखवून घेतल्यावर.

कॉक्सबद्दलचं वाक्य मला सर्वांत जास्त टोचतं. साठ फुटी नाव आणि आठ जणींचा जीव त्या एका मुलीच्या हातात असतो. सुकाणू, वाऱ्याचा अंदाज, कुणाची लय तुटतेय, शेवटचे दहा झटके कधी मागायचे, सगळं तिनं बघायचं. कॉलेजात मुलींच्या कॉक्सचं किमान वजन ११० पौंड. त्याहून हलकी असेल तर वाळूची पिशवी घेऊन बसावं लागतं. कोच शर्यतीतलं तिच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मागवून ऐकतात, आणि एका वर्षी संघात कॉक्सच्या जागा असतात एक-दोन. २०१९मध्ये उघड झालेल्या, लाच देऊन प्रवेश मिळवण्याच्या घोटाळ्यात अभिनेत्री लोरी लॉकलिनच्या मुलींना अर्गवर बसवून फोटो काढले आणि कॉक्स म्हणून कॅलिफोर्नियातल्या यूएससी विद्यापीठात घुसवलं. आईवडील दोघंही तुरुंगात जाऊन आले. 'नुसतं बसायचं' या समजुतीचं टोक ते हेच.

नववीचं तर साफ खोटं आहे. बऱ्याच कॉलेजांत मुलींच्या संघात कधीही वल्हं न धरलेल्यांना सप्टेंबरमध्ये वॉक-ऑन, म्हणजे आधी निवड न झालेल्या खेळाडू म्हणून घेतात. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दत्तू भोकनळनं सैन्यात गेल्यावर २०१२मध्ये वल्हं हाती घेतलं आणि २०१६मध्ये रिओ ऑलिंपिकला तेरावा आला. सैन्यात सराव हीच ड्यूटी होती हे खरं, पण वय आड आलं नाही.

डिव्हिजन वनचे कोच मुलींशी दहावीनंतरच्या १५ जूनपासून बोलू शकतात; मुलगी मात्र त्याआधीही लिहू शकते. एजंटला पैसे देऊ नका, तुम्हीही लिहू नका. तिलाच लिहू द्या: कितवीत आहे, उंची, टू-के आणि त्याची तारीख, ग्रेड, शर्यतीचा व्हिडिओ. आमच्या घरी त्यावर भांडण झालं होतं, मी म्हणत होते 'साडेसातच्या आसपास' लिही. तिनं ७:३८ लिहिलं. तीन कोचांची उत्तरं आली.